पिल्लाचं वय आधी, रंग मागाहून

सर, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: केजकडच्या शाळेत चित्रकला शिकवता. धनेगावच्या धरणाचं पाणी उतरलं तशी गेल्या आठवड्यात काठावर शेकाट्याची, म्हणजे त्या लांब पायांच्या पाणपक्ष्याची, चार पिल्लं दिसली. दोनशेच्या वर फोटो काढले आणि त्यांवरून जलरंगात तीन चित्रं केली. रेषेला रेष जुळवूनही पिल्लू कापसाच्या खेळण्यासारखं दिसतं आणि पाय अगरबत्त्या खोचल्यासारखे. तर फोटो सोडून नुसतं बघून काढावं का, आणि ती लव रंगवायची तरी कशी?

तिन्ही चित्रं आणि सोबतचे फोटो निवांत बसून पाहिले. हात चांगला आहे, रंग स्वच्छ लागलाय. चूक वयात आहे. पहिल्या चित्रातल्या पिल्लाचं अंग दोन-तीन दिवसांचं, गोल गरगरीत. चोच मात्र तीन आठवड्यांच्या पिल्लाची, लांब आणि बारीक. आणि डोळा थेट आईबापाचा, लाल. एका अंगावर तीन वयं झाली. बघणाऱ्यानं जन्मात शेकाट्या पाहिला नसला तरी त्याला हे खटकतं, पाळण्यातल्या बाळाला मिशी काढली तर खटकेल तसं. फक्त काय खटकतंय ते त्याला सांगता येत नाही, म्हणून तो म्हणतो, "छान आहे, पण खेळण्यातलं वाटतं."

माझा अंदाज सांगतो. तुमच्या फोटोत चोच धूसर आली होती, म्हणून ती दुसऱ्या कुणाच्या फोटोतून घेतली. डोळा नुसता काळा मणी दिसत होता, म्हणून मोठ्या पक्ष्याकडे बघून 'जिवंत' केला. सगळेच करतात. मीही वर्षानुवर्षं केलंय. (दुसऱ्याच्या फोटोचं आणखी एक. भारतात प्रताधिकार कायदा १९५७ चा आहे आणि फोटोवर हक्क सहसा काढणाऱ्याचाच असतो. त्यावरून जसंच्या तसं चित्र करून विकायचं तर परवानगी लागते. सरावाला बघितलं तर कुणी धरत नाही, पण प्रदर्शनात लावताना फोटो आपलाच हवा.)

मी मूळचा पाट्या रंगवणारा. 'श्रीराम किराणा' आणि 'येथे सायकल पंक्चर काढून मिळेल' यांवर पोट भरलं. पाटीत आधी अक्षराची कड आखायची आणि मग आत रंग भरायचा. फ्लेक्स आले, धंदा बसला, हातात वेळ आला आणि पैठणला नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या, काठी पक्षी काढत बसायला लागलो. पण हात पाटीचाच होता. कड आखायची, आत भरायचं. अशा हातानं मोठा बगळा एक वेळ निभावतो, लवेचं पिल्लू निभावत नाही, कारण पिल्लाला कडच नसते.

पहिल्यांदा चार लोकांसमोर चित्रं मांडली तेव्हाची गोष्ट. शेकाट्याचं पिल्लू मोठ्या हौसेनं काढलं होतं. काठावर जाळी विणणारे एक म्हातारे भोई ते बघायला आले. बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं, आता कौतुक येणार. ते म्हणाले, "पेंटर, याला मागचं बोट कुठून आणलं?" शेकाट्याला तीनच बोटं, तीही पुढं. मागचं बोट नसतंच. मी कोंबडीचा पाय काढला होता. म्हणजे दोन महिने फोटो बघून मी शेकाट्या बघितलाच नव्हता, मला माहीत असलेला 'पक्षी' बघितला होता. तुमच्या तिसऱ्या चित्रातही डाव्या पायाला मागं एक बारीक रेघ आहे. आधी ती खोडा.

आता वयाचं. तुमच्या एका फोटोत, ज्यात पिल्लू तोंड वर करून उभं आहे, चोचीच्या टोकावर पांढरा दाणा दिसतोय. तो अंडं फोडायचा दात. चिखलात हिंडणाऱ्या या पक्ष्यांमध्ये तो काही दिवसांत पडून जातो. म्हणजे त्या सकाळी तुमची पिल्लं दोन-तीन दिवसांच्या पलीकडची नव्हती. हे एकदा ठरलं की बाकी सगळं आपोआप ठरतं.

दोन-तीन दिवसांचं शेकाट्याचं पिल्लू म्हणजे पायांवर ठेवलेलं लिंबू. मान जवळजवळ नाही, शेपटी नाही, पंखांच्या जागी दोन बारीक टोकं. चोच आखूड, काळपट. पण पाय आधीच लांब आणि सांधा फुगलेला, गाठ मारल्यासारखा. अंग बाळाचं आणि पाय पोरसवदा असा हा मेळ आहे, आणि तो मुद्दाम विचित्र ठेवावा लागतो. आपला हात तो 'सुधारायला' जातो, पाय थोडे आखूड करतो, चोच थोडी वाढवतो, आणि तिथंच पिल्लू मरतं. पाठीवर वाळूच्या रंगाची लव, तिच्यात काळसर तुटक ठिपक्यांच्या ओळी. पोट पांढरट. डोळा काळपट. लाल डोळा पुष्कळ पुढची गोष्ट आहे.

दोन आठवड्यांनी तेच पिल्लू ओळखू येत नाही. अंग लांबतं, मान निघते, चोच वाढते. खांद्यावर आणि बगलेत खरी पिसं फुटतात आणि जुनी लव त्यांच्याच टोकाला चिकटून राहते. तेल न लावता शाळेत आलेल्या पोरासारखा अवतार. चित्रकाराला हे वय सर्वांत अवघड आणि माझ्या मते सर्वांत देखणं. फोटोवाले मात्र या वयाला नाक मुरडतात, 'गोड' दिसत नाही म्हणून. महिनाभरात पिल्लू उडायला लागतं. तेव्हा पाठीचं प्रत्येक पीस तपकिरी, त्याला फिकट बदामी कड, पाय मळकट गुलाबी, आणि उडताना पंखाच्या मागच्या काठाला पांढरी किनार. मोठ्या पक्ष्याचा तो काळाभोर पंख अजून नाही.

म्हणून माझी पद्धत अशी: कागदाच्या कोपऱ्यात आधी वय लिहायचं. "दिवस ३" किंवा "आठवडे २". मग चोच, पाय, लव, डोळा, प्रत्येक गोष्टीला विचारायचं, तुझं वय काय? एकानं जरी वेगळं सांगितलं तर ते खोडायचं. हे चार महिने केलंत तर फोटो आपोआप जागेवर येतात, सोडायची गरज पडत नाही.

फोटो सोडू नकाच. बोटं किती, ठिपक्यांच्या ओळी कशा वळतात, कड कुठल्या पिसाला आहे, हे डोळ्याला पळत्या पिल्लावर दिसत नाही. ते फोटोनंच कळतं. पण फोटो तीन बाबतींत हमखास फसवतो आणि तुमच्या चित्रांत तिन्ही सापडल्या.

पहिली फसवणूक उंचीची. तुम्ही बांधावर उभे राहून फोटो काढलेत. वरून पाठ दिसते, पाय आखडतात, पिल्लू जमिनीवर चिकटवल्यासारखं होतं. मग मागं पाणी मात्र तुम्ही समोरून पाहिल्यासारखं काढलंत. म्हणजे पिल्लू वरून आणि तळं समोरून. पिल्लाच्या डोळ्याच्या उंचीला यायचं तर पोटावर झोपावं लागतं. मे महिन्यात हे सांगणं सोपं आहे, मला ठाऊक आहे. पोतं टाका, कोपराला जुन्या सतरंजीचा तुकडा बांधा.

दुसरी लांबच्या लेन्सची. लांबून ओढून घेतलेल्या फोटोत मागचे-पुढचे एका पातळीत येतात. तुमच्या दुसऱ्या चित्रात आई पिल्लाच्या शेजारी आहे असं वाटतं, पण फोटोतल्या चिखलावरच्या ठशांवरून ती चांगली आठ-दहा फूट मागं आहे. तरी ती शेजारी असल्याइतकीच मोठी आलीय. तुम्ही पुढचा चिखल जवळून बघितल्यासारखा रंगवला आणि पक्षी लांबून बघितल्यासारखे. डोळ्याला दोन जागा झाल्या. एकच ठरवा.

तिसरी क्षणाची. कॅमेरा सेकंदाच्या हजाराव्या भागात पाय हवेत थांबवतो. डोळा तसं कधीच बघत नाही. त्या चौकटीत पिल्लू पडताना दिसतं आणि आपण तेच पडणं चित्रात कायमचं करून ठेवतो. इथं गवंड्याचा ओळंबा उपयोगी पडतो. खरंच सांगतो, थट्टा नाही. दोऱ्याला नट बांधा, फोटोवर धरा. उभ्या पिल्लाच्या अंगाच्या मधोमध दोरा सोडला की तो बोटांच्या मध्ये पडला पाहिजे. एका पायावर उभं असेल तर तो पाय सरकून अंगाच्या मध्याखाली आलेला असतो. तुमच्या अगरबत्त्यांचं दुखणं हेच आहे. पाय जाडीला बरोबर आहेत, पण ओळंब्याच्या बाहेर आहेत, म्हणून खोचल्यासारखे वाटतात.

पायाचं आणखी एक आणि मग पाय सोडतो. जो सांधा आपल्याला 'गुडघा' वाटतो आणि उलटा वाकतो, तो गुडघा नाही, तो घोटा आहे. खरा गुडघा वर पोटाच्या पिसांत झाकलेला, पुढं वाकणारा. कागदावर तो दिसत नाही, पण हलक्या पेन्सिलीनं काढून ठेवा, पाय पोटातून कुठून निघतो ते बरोबर येतं. पाय पोटाच्या टोकाला लावलेला नसतो, बगलेतून खाली येतो. आठवीच्या मुलांना शिकवताना कोंबडी बसताना दाखवा, पटकन कळतं.

प्रत्यक्ष बघण्याबद्दल. नाथसागर १९७६ सालचा, पक्षी अभयारण्य म्हणून १९८६ साली जाहीर झालेला. पसरट आणि उथळ, त्यामुळं उन्हाळ्यात पाणी मागं सरकतं तसा मैलभर गाळ उघडा पडतो. त्यावर लोक गाळपेर करतात, कुठं टरबुजाचे वेल, कुठं चारा. त्या गाळपेरातच टिटव्या, शेकाटे, कंठेरी चिखले अंडी घालतात. धनेगावलाही चित्र हेच. म्हणजे पक्षी आणि माणूस एकाच जमिनीवर. पक्षी गुराख्याला घाबरत नाहीत. तो येतो, सरळ जातो, कुणाकडं टक लावत नाही. घाबरतात ते आपल्याला, कारण आपण वाकून, दबकत, त्यांच्याकडेच बघत येतो. शिकार करणारा येतो तसे. मळकट शर्ट घाला, सरळ चाला, लांब बसा.

सकाळी सहा ते आठ. नऊनंतर जमिनीवरून हवा लहरायला लागते आणि कितीही महागडा कॅमेरा असो, फोटो उकडल्यासारखा येतो. शिवाय त्यानंतर तिथं थांबू नये असं दुसरं कारण आहे. मराठवाड्याचा मे म्हणजे बेचाळीस अंश. आपण जवळ बसल्यामुळं मोठा पक्षी अंड्यांवरून उठला तर अंडी उन्हात उकडतात. टिटवीला बघा, पाण्यात जाऊन पोटाची पिसं भिजवते आणि तशीच येऊन अंड्यांवर बसते, गार करायला. पिल्लं झाल्यावर त्यांच्यावर स्वतःची सावली धरून उभी राहते. मी घड्याळ लावतो. बसल्यावर पाच मिनिटांत मोठा पक्षी परत आला नाही तर मी चुकीच्या जागी बसलोय, उठायचं. एखादा कंठेरी चिखल्या पंख मोडल्यासारखा फरफटत समोरून चालला, तर त्याच्या मागं कॅमेरा घेऊन जाऊ नका आणि पुढंही पाऊल टाकू नका. पिल्लं तुमच्या पायाजवळच कुठंतरी दबून आहेत. आणि 'जरा जवळून रंग बघू' म्हणून पिल्लू उचलणं नको. १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं बालंट तर आहेच, पण हातातल्या पिल्लाचा आकारही खोटा असतो. भेदरलेलं पिल्लू लव मिटून घेतं, निम्मं होतं.

वही छोटी ठेवा. मी कागजीपुऱ्याच्या हातकागदाची बांधून घेतो. दौलताबादेजवळच्या त्या गावात शतकानुशतकं कागद होत आलाय. पेन्सिल त्यावर छान बसते, पाणी मात्र घटाघट पितो, म्हणून रंगवायला तो नको. एका पानावर एक चित्र पूर्ण करायला बसू नका. पिल्लू थांबत नाही. पाच-सहा अर्धी चित्रं एकदम सुरू ठेवा: चालतानाचं, वाकलेलं, बसलेलं, पळणारं. पिल्लू फिरून त्याच बैठकीत येतं, तेव्हा त्या चित्रात दोन रेघा घाला. तासाभरात सहापैकी दोन भरतात. बाजूला शब्द लिहा. माझ्या एका पानावर लिहिलंय, "पोट पांढरं नाही, खालून चिखलाचा पिवळा." हे वाक्य कॅमेऱ्यानं मला कधी दिलं नसतं, त्याला पोट पांढरंच दिसतं, नाहीतर जळून कोरं.

आता लव. इथं हळू जाऊ.

कागद तीनशे ग्रॅमचा, थोडा खरखरीत. रंग कॅमलचे चालतील, विद्यार्थ्यांचे नव्हे, त्यांच्या वरचे. यलो ऑकर, रॉ अंबर, बर्न्ट अंबर, अल्ट्रामरीन. काळ्याची ट्यूब पेटीतूनच काढून ठेवा, बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन मिळून जो काळा होतो तोच आपल्या काळ्या मातीचाही आहे, त्यामुळं पक्षी आणि चिखल एका घरचे दिसतात. पेन्सिलीनं बाह्यरेषा नको. फक्त तीन खुणा: डोळा, चोचीचं मूळ, बोटं टेकतात ती जागा.

स्वच्छ पाण्यानं अंगाचा आकार भिजवा, कडेच्या जरा बाहेरपर्यंत. उजेड पडतो तो पाठीचा तुकडा कोरडा ठेवा. ऑकरमध्ये चिमूटभर रॉ अंबर घालून वरून सोडा आणि कुंचला उचला. रंग स्वतः पसरतो, कड स्वतः विरते. ती विरलेली कड म्हणजेच लव. तुम्ही एकेक केस काढलात तिथं कापूस झाला, सर. लव केसांनी दिसत नाही, कडेच्या हरवण्यानं दिसते.

मग थांबायचं. कागदावरची चमक गेली पाहिजे, पण बोटाची मागची बाजू लावली तर गार लागला पाहिजे. नेमक्या त्या वेळी बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीनच्या घट्ट मिश्रणानं पाठीवरच्या ठिपक्यांच्या ओळी टेकवा. आधी टेकवलंत तर फुटून डाग होतील, उशिरा टेकवलंत तर गोंदल्यासारखे कडक दिसतील. आपल्याकडं उन्हाळ्यात ही वेळ अर्ध्या मिनिटाचीही नसते. म्हणून पहाटे पाचला बसा, पंखा बंद करा, कागद मागूनही ओला करून काचेवर चिकटवा, पाण्यात ग्लिसरीनचे दोन-तीन थेंब टाका. दिवाळीनंतर हेच काम आरामात होतं, पण तेव्हा पिल्लं डोळ्यांतून गेलेली असतात. मी तरी मेमध्येच घाम गाळतो.

पोटासाठी पांढरा लावू नका, कागद सोडा. पोटाची सावली दोन रंगांची असते: आकाशाकडं वळलेला भाग निळसर आणि खाली चिखलाकडं वळलेला पिवळट. मधे एक पुसट पट्टा. एवढ्यानं लिंबू गोल होतं.

पूर्ण वाळल्यावर तीनच गोष्टी धारदार करायच्या: डोळा, चोच, बोटं. बाकी सगळं मऊच. डोळ्यातला चमकणारा ठिपका सूर्य ज्या बाजूला आहे त्याच बाजूला. पिल्लू आईच्या सावलीत असेल तर चमक जवळजवळ नकोच. तुमच्या दुसऱ्या चित्रात ते सावलीत आहे आणि डोळा दिवाळीच्या पणतीसारखा चमकतोय. शेवटी उजेडाच्या कडेला अगदी कोरड्या कुंचल्यानं चार-सहा फटकारे, संपलं. सातवा मारावासा वाटला की उठून चहा प्यायचा.

पिसांच्या नादातून बाहेर पडायचं असेल तर अजिंठ्याला जा आणि दोन नंबरच्या लेण्यात छताकडं बघा. हंस आहेत. माना प्रत्येकाच्या वेगळ्या वळणाच्या, अंगाचं वजन कळतं, चाल कळते. पिसं मोजायला गेलात तर हाती फारसं काही लागणार नाही.

मागचा परिसर. तिन्ही चित्रांत हिरवं गवत आणि एकात कमळ आहे. मे महिन्यात धनेगावला कमळ कुठलं? भेगाळलेला गाळ, शेण, टरबुजाचा वाळका वेल, म्हशीचे खूर. त्या खुरांकडं नीट बघा. म्हैस ओल्यात चालते, खळगा पडतो, तो वाळतो. धोक्याची हाक झाली की पिल्लू नेमकं त्या खळग्यात जाऊन दबतं, मान आत ओढतं, आणि बघता बघता ढेकूळ होतं. एकदा मी दहा पावलांवर बसून अशा खळग्यातलं पिल्लू तीन वेळा हरवलं. दिसत होता तो फक्त डोळा. खुराची एक बाजू उन्हात, एक सावलीत, आणि सावलीत एक ओला काळा मणी. हे चित्र मी सात वेळा केलंय, सातही फसली, आठव्याला बसायचंय. कमळापेक्षा हे करा.

शेकाट्यात अडकू नका. टिटवीचं पिल्लू शिकायला जास्त सोपं आहे, कारण खुणा ठळक आहेत. मानेमागं पांढरा पट्टा, छातीवर काळा. दबलं की पांढरा पट्टा आत जातो. डोळ्यापुढची लाल कातडी पिल्लाला नसते, ती लावू नका. टिटवी पाय वर करून झोपते, आभाळ पडू नये म्हणून, असं आजी सांगायची. मी अनेक रात्री बघितलं, पाय खालीच होते. टिटवी पिल्लांना पोटाखाली घेते तेव्हा मात्र अर्धवट बसते आणि खालून पाय दिसतात. चार पिल्लं असतील तर तिचे धरून दहा पाय मोजायचे. पोरांना वर्गात हे चित्र द्या, मोजायला फार आवडतं.

पावसाळ्यात तळ्याकाठी रंगीत पाणलावा किंवा कमळपक्षी पिल्लांसोबत दिसले तर एक खड्डा आहे, त्यात बरेच चित्रकार पडतात. पाणलाव्यात भडक रंगाची असते ती मादी. अंडी उबवणारा आणि पिल्लं हिंडवणारा नर, आणि तो फिका. चित्र उठून दिसावं म्हणून पिल्लांशेजारी रंगीत मादी ठेवलीत तर चित्र सुंदर होईल आणि खोटं होईल. कमळपक्ष्यातही पिल्लं बापच सांभाळतो.

गणपतीच्या सुमारास उत्तरेकडून पाहुणे येतात, छोटे टिलवे, ठिपकेवाल्या तुताऱ्या. त्यांतली त्याच वर्षीची पोरं बऱ्याचदा मोठ्यांच्या मागाहून, स्वतःच्या स्वतः येतात. ती लवेची नसतात, पण पिल्लंच म्हणायची. ओळखायची खूण शिक्षकाला लगेच पटेल: जूनमधला नवा गणवेश. सगळी पिसं एकाच वेळची, म्हणून ओळी सरळ आणि प्रत्येक पिसाला फिकट ताजी कड. मोठ्यांचा गणवेश मार्चमधला, झिजलेला, मधे एखादं नवं पीस. टिलव्याच्या पोराच्या पाठीवर दोन पांढऱ्या रेघा खाली मिळतात. ही कड काढताना फिका रंग वरून लावू नका, आधी सगळीकडं फिका वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, द्या आणि मग प्रत्येक पिसाचं तपकिरी पोट भरा, कड आपोआप उरते. इथं माझा पाटीवाला हात कामाला येतो. आपल्या तळ्यांवर ऑक्टोबर संपेपर्यंत ती दिसतात, मग हळूहळू करड्या पिसांत जातात.

तर आत्ता काय करायचं. मे संपत आलाय. तुमची पिल्लं दहा-बारा दिवसांची झाली असतील, म्हणजे तेल न लावलेलं वय सुरू होतंय. या रविवारी कॅमेरा पिशवीतच ठेवून पहिला तास नुसती वही काढा, दुसऱ्या तासाला फोटो, पोटावर झोपून. पानाच्या कोपऱ्यात "दिवस १२" लिहा. वळवाचा एक मोठा पाऊस झाला की काठ पाण्याखाली जातो, आणि जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत ती उडून गेलेली असतील. मग पुढच्या उन्हाळ्यापर्यंत वाट बघावी लागेल.